मामाचा गेम बॉय, भाऊबीजेपर्यंत

२७ सप्टेंबर २०२५

आई रत्नागिरीहून परवा आली. पिशवीत आंबोशी, कोकम आणि एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेला मामाचा गेम बॉय, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं निन्तेंदो कंपनीचं यंत्र. मामा मालवाहू जहाजावर इंजिन फिटर होता. १९९० साली जहाज कोबे बंदरात लागलं तेव्हा त्याने हा घेतला. जपानात तेव्हा या यंत्राची किंमत १२,५०० येन आणि ‘सुपर मारिओ लँड’ या खेळाच्या कॅसेटची २,६०० येन होती. घरी पैसे पाठवून उरलेल्यातून घेतलेली स्वतःसाठीची ही त्याची पहिली वस्तू. सुट्टीवर आला की आम्हा भाचरांना पाळीपाळीने खेळायला मिळायचा. सहाव्या वर्षी मी पहिल्यांदा बघितला, तो त्याच्या मांडीवर बसून.

आजची अवस्था: करड्या प्लास्टिकला पिवळट झाक. चार पेन्सिल सेल आतच राहिलेले आणि फुटून वाहिलेले. स्प्रिंगांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड. कॅसेट आत अडकलेली, पण शाबूत. सोबत जपानी माहितीपुस्तिका, कोपरे दुमडलेले, पण एकही पान गेलेलं नाही.

भाऊबीज २३ ऑक्टोबरला आहे आणि मामा दरवर्षीप्रमाणे आईकडे येणार. तोपर्यंत हा चालू करायचा. बाराही लेव्हल परत खेळायच्या आणि मामासाठी मोठ्या अक्षरांत त्यांचे नकाशे काढायचे. त्याला आता बारीक दिसत नाही आणि हा पडदा फार लहान आहे.

२८ सप्टेंबर

मागचे स्क्रू तीन पाकळ्यांच्या खाचेचे. घरातला एकही स्क्रू ड्रायव्हर बसेना. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीचा बिटांचा संच मिळाला, त्यातला एक बरोब्बर बसला. दुकानदार काकांनी यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं केलं, म्हणाले, ‘‘ताई, हे फेकू नका हां.’’ त्यांना म्हटलं, त्यासाठीच तर आलेय.

उघडताना लक्षात ठेवायचं: पुढची आणि मागची बाजू आत एका पातळ फीतवायरने जोडलेली असते. स्क्रू काढले म्हणून झटक्यात दोन्ही बाजू ओढल्या तर ती तुटते. मी पुस्तक उघडावं तशी उघडली.

सेलमधून वाहतं ते अल्कधर्मी असतं, म्हणून उतारा आंबट हवा. लिंबाच्या रसात इअरबड बुडवून स्प्रिंगांवर फिरवला. बारीक फसफस झाली, पूड सुटली. मग पाण्याचा ओला बोळा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग रात्रभर पंख्याखाली. एका स्प्रिंगचा मुलामा पुरता गेलाय. बारीक सँडपेपरने घासून धातू उघडा केला, सध्या चालेल.

२९ सप्टेंबर

नवे सेल घातले, वरची कळ सरकवली. लाल दिवा लागला! आईला हाक मारली. ती देवापुढच्या घटाला पाणी घालत होती, तांब्या हातात घेऊनच आली.

पण पडद्यावर वरून एक काळी पट्टी उतरली आणि मधोमध थांबली. पुढे काही नाही.

ही पट्टी म्हणजे काय ते नीट लिहून ठेवते, कारण मला ही गोष्ट फार आवडली. यंत्राच्या आत २५६ बाइटचा एवढासा प्रोग्राम कायमचा कोरलेला आहे. कळ दाबली की तो आधी कॅसेटमधून कंपनीच्या नावाचं ४८ बाइटचं चित्र वाचतो, पडद्यावर वरून खाली उतरवतो आणि आपल्याजवळच्या प्रतीशी ताडून बघतो. जुळलं तर पुढे, नाहीतर तिथेच थांबायचं. कॅसेटच्या पट्ट्या मळल्या असतील तर वाचलेलं सगळं सारखंच येतं आणि नावाच्या जागी काळा ठोकळा दिसतो. म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते कॅसेटला ओळख विचारत होतं आणि कॅसेटला उत्तर देता येत नव्हतं.

कॅसेटच्या पट्ट्यांवरून अल्कोहोलचा बोळा आठ वेळा फिरवला. पहिले तीन बोळे काळे निघाले, आठवा पांढरा. पुन्हा कळ. नाव अक्षर अक्षर उतरलं आणि तो ‘टिंग’ वाजला. पस्तीस वर्षांचा ‘टिंग’.

या कॅसेटमध्ये सेल नाही, हेही बरं. खेळ जतन करण्याची सोयच नसल्यामुळे आत जपायचं काही नाही. ज्या कॅसेटींमध्ये खेळ साठवायची सोय होती त्यांच्या पोटात बटणासारखा सेल असतो. तो मेला की साठवलेलं सगळं जातं. इथे हरवण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून काही हरवलं नाही.

४ ऑक्टोबर

खेळ दिसतो, पण पडद्यावर सात उभ्या रेघा गायब. मारिओ चालताना त्या पट्ट्यांत शिरला की कापल्यासारखा दिसतो.

या मॉडेलचं हे नेहमीचं दुखणं आहे. पडद्याच्या खालच्या कडेला फीत चिकटवलेली असते आणि वर्षांनुवर्षं उन्हातान्हात तो जोड सैल पडतो. उपाय ऐकायला भयंकर, करायला सोपा: सोल्डरिंग आयर्न कमी तापवायचं आणि यंत्र चालू ठेवून त्या जोडावरून हलक्या हाताने, इस्त्री फिरवावी तसं, इकडून तिकडे न्यायचं. डाग द्यायचा नाही, फक्त ऊब द्यायची. मध्ये उष्णतेला टिकणारी चिकटपट्टी लावली.

पहिल्या फेरीत चार रेघा परत आल्या. तिसऱ्या फेरीत सहावी. सातवी येते, हात काढला की जाते. अर्धा तास तिच्यामागे होते. शेवटी आयर्नचं टोक तिच्यावर सेकंदभर जास्त ठेवलं आणि ती राहिली. बंद करून, चालू करून, तासाभराने पुन्हा बघितलं. सातही जागेवर आहेत.

मामाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘चालू झाला? खरंच? अगो, मग तो चौथ्या राज्यापर्यंत ने बघू. उड्या मारणारी ती भुतं हायत ना, तिथपर्यंत मी दोनदा गेल्लो. पुढचं काय मी बघितलंच नाय.’’

म्हणजे पस्तीस वर्षांत मामाने या खेळाचा शेवट पाहिलेला नाही. हे मला माहीतच नव्हतं.

५ ऑक्टोबर

आज फक्त खेळले. आधी खिडकीची जागा ठरवावी लागली. या पडद्याला मागून उजेड नाही, बाहेरचा उजेड परतवूनच तो दिसतो. सकाळी नऊ ते साडेदहा बाल्कनीच्या दारात उत्तम. दुपारी सावली पडते. मामा केबिनमधल्या दिव्याखाली, डोक्याशी उशी उभी करून खेळायचा म्हणे.

१६० बाय १४४ ठिपके, चार छटा. वरच्या दोन ओळी गुण, नाणी, वेळ दाखवण्यात जातात. उरलेल्या जागेत अख्खं जग. मारिओ माझ्या करंगळीच्या नखाच्या निम्म्याएवढा. डोळे सरावायला दहा मिनिटं लागली, मग विसरायला झालं.

बारा लेव्हल आहेत. चार राज्यं, प्रत्येकात तीन. कथा अशी की सारासालँड नावाच्या देशात तातांगा नावाचा परग्रहवासी येतो, लोकांना भुरळ घालतो आणि राजकन्या डेझीला पळवतो. ही डेझी पुढे या मालिकेत सगळ्यांच्या ओळखीची झाली, पण तिचं पहिलं दर्शन इथे, या चार छटांत.

पहिल्या बैठकीत दुसऱ्या राज्याच्या शेवटापर्यंत पोचले. हातांना आठवत होतं. डोक्याला आठवत नव्हतं, पण पहिल्या खड्ड्यापाशी अंगठा आपोआप दाबला गेला.

७ ऑक्टोबर

पहिलं राज्य: बिराबुतो. इजिप्त. मागे पिरॅमिड, जमिनीवर वाळू, शेवटी पिरॅमिडच्या आत.

नकाशाची पद्धत पक्की केली. यंत्र चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींत रचतं, म्हणून आलेख वहीचा एक चौकोन म्हणजे एक चौकट. पडद्याची रुंदी २० चौकोन. एक पडदा काढायचा, पुढे सरकायचं, थांबायचं, काढायचं. एक अडचण आहे: या खेळात मागे जाता येत नाही. पडद्याच्या डाव्या कडेबाहेर गेलं ते गेलं. काही चुकलं तर लेव्हल पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एकेक लेव्हल चार-चारदा खेळावी लागली, आणि घड्याळ ४०० वरून खाली येत असतंच. स्टार्ट दाबून खेळ थांबवून काढते.

तीनही लेव्हलचे नकाशे झाले. पहिल्या राज्याच्या शेवटी तोंडातून आग फेकणारा स्फिंक्ससारखा प्राणी येतो. त्याला चेंडूंनी मारा किंवा अंगावरून उडी मारून पलीकडे जा, दोन्ही चालतं. मामाला मी दुसरा रस्ता लिहून देणार आहे.

चेंडूबद्दल: इतर मारिओ खेळांत फूल मिळालं की आगीचा गोळा मिळतो. इथे एक टणक काळा चेंडू मिळतो. तो तिरका जातो, भिंतीला लागला की तिरकाच परततो, आणि पडद्यावर एका वेळी एकच असतो. वाटेत नाणी आली तर तीही गोळा करतो! भुयारातल्या नाण्यांच्या खोलीत चेंडू सोडून बाजूला उभं राहायचं आणि तो टप टप टप नाणी वेचत फिरतो. कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच कळेल. रिबाउंड शॉट घेताना नजर जशी कड मोजते, तशीच इथे मोजावी लागते.

११ ऑक्टोबर

दुसरं राज्य मुदा, समुद्राचं. पाण्यातून उसळून येणारे माशांचे सांगाडे. तिसरी लेव्हल पाणबुडीची: पडदा आपला आपण पुढे सरकतो आणि आपण टॉर्पिडो सोडत जातो. उडी नाही, धाव नाही, वेगळाच खेळ. खेळाच्या शेवटच्या लेव्हलमध्ये हेच पुन्हा विमानातून.

लहानपणी मला या दोन लेव्हल खेळात उपऱ्या वाटायच्या. आता वाटतं, याच नसत्या तर बारा लेव्हल एकसुरी झाल्या असत्या. दर सहाव्या लेव्हलला हाताची पद्धत बदलते आणि खेळ पुन्हा ताजा होतो.

ज्यांनी मारिओ घडवला त्या शिगेरू मियामोतोंचा यात हात नव्हता. हा खेळ क्योटोत निन्तेंदोच्या आर अँड डी १ या विभागाने केला. निर्माते गुनपेई योकोई, दिग्दर्शक सातोरू ओकादा. दोघांनी मिळून हे यंत्रही घडवलेलं. २१ एप्रिल १९८९ रोजी यंत्र जपानात विक्रीला आलं, त्याच दिवशी हा खेळही. मारिओ इथे थोडा वेगळा वागतो याचं कारण मला यात दिसतं. कडेवरून पाऊल पडलं की तो दगडासारखा सरळ खाली जातो. थांबतो तेव्हा चट्कन थांबतो. दुसऱ्याच घरात वाढलेला, पण रक्ताचा.

योकोईंचं एक तत्त्व प्रसिद्ध आहे. जपानीतला त्यातला पहिला शब्द शब्दशः ‘वाळलेलं’ असा आहे, इंग्रजीत त्याचं ‘कोमेजलेलं’ करतात. मला वाटतं मराठीत त्याला ‘मुरलेलं’ म्हणावं. मुरलेलं तंत्र घ्या आणि त्याच्याकडे आडव्या बाजूने बघा, म्हणजे जुन्या, स्वस्त तंत्राचा नवा वापर शोधा. लोणचं मुरलं की त्याची चव पक्की होते, ते नासत नाही आणि स्वस्तात घरभर पुरतं. १९८९ मध्येच रंगीत आणि मागून उजळणारा पडदा असलेला, असाच हातात धरून खेळायचा अटारी कंपनीचा लिंक्स आला होता. त्याला सहा सेल लागायचे आणि ते बघता बघता संपायचे. मामाचा गेम बॉय चार सेलांवर एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत चालायचा. जहाजावर सेल विकत मिळत नाहीत. तिथे हे तत्त्व फार उपयोगाचं होतं.

१२ ऑक्टोबर

आजचा दिवस या सगळ्या कामातला सर्वांत सुंदर.

मैत्रीण जपानी शिकवते, पुण्यात जपानी शिकवणाऱ्यांना तोटा नाही. तिला माहितीपुस्तिका दाखवली. पस्तीस वर्षं घरात असलेलं पुस्तक पहिल्यांदा कुणीतरी वाचलं. शत्रूंच्या नावांच्या पानावर ती थांबली आणि हसायलाच लागली. ‘‘अगं, ही नावं नाहीत, आवाज आहेत!’’

चौथ्या राज्यातली उड्या मारणारी भुतं, मामाची, त्यांचं नाव प्योनपी. ‘प्योन’ म्हणजे टुणकन मारलेली उडी. तिसऱ्या राज्यात हात पसरून धावत येणारे दगडी पुतळे, त्यांचं नाव तोकोतोको. लहान मूल बारीक पावलांनी लगबगीने चालतं, त्याला जपानीत तोकोतोको म्हणतात. पंख फडफडवत येऊन अंगावर आदळणारा पुतळा बाताडोन: ‘बाताबाता’ फडफड आणि ‘डोन’ आदळल्याचा आवाज. भाला टाकणारी माशी बुनबुन, म्हणजे भुणभुण. समुद्रातल्या सांगाड्याचं होनेन, कारण ‘होने’ म्हणजे हाड. गडगडत येणाऱ्या दगडाचं नाव गानचान. ‘गान’ म्हणजे खडक आणि ‘चान’ हा लहान मुलांना लाडाने लावायचा प्रत्यय.

आम्ही तिथेच बसून मराठी नावं पाडली. मराठीला असे आवाज उसने आणावे लागत नाहीत, कोठार भरलेलं आहे. इंग्रजीत ही नावं नुसती विचित्र अक्षरं म्हणून राहिली. आपल्याकडे त्यांना अर्थ परत मिळतो.

प्योनपी: टुणटुण्या. तोकोतोको: तुरुतुर्‍या. बाताडोन: फडधप. बुनबुन: भुणभुण्या. होनेन: हाडक्या. गानचान: दगडू. सुरुवातीचा ठेंगणा चिबिबो, ‘चिबी’ म्हणजे बुटकं, तो सरळ बुटक्या. आग फेकणारा गाओ, जपानी डरकाळीचा आवाज, तो डरकाळ्या.

अडलं ते नोकोबोनला. नोकोनोको हे जपानीतलं मारिओच्या कासवाचं नाव, सावकाश निवांत चालणारं, आणि ‘बोन’ म्हणजे स्फोट. या खेळात कासवावर उडी मारली की कवच लाथाडता येत नाही. ते क्षणभर थांबतं आणि बॉम्बसारखं फुटतं. मैत्रीण म्हणाली फटाकासव. दिवाळी आठ दिवसांवर असताना यापेक्षा चांगलं नाव नाही. नकाशावर तेच.

१५ ऑक्टोबर

तिसरं राज्य, ईस्टन. ईस्टर बेटावरचे मोठमोठे दगडी चेहरे. नकाशे दोन संध्याकाळींत झाले. एक गोष्ट लिहून ठेवावी अशी: वरून गडगडणारा दगडू शत्रू आहे, त्याची टक्कर बसली तर जीव जातो. पण त्याच्या डोक्यावर उभं राहता येतं आणि तो आपल्याला घेऊन पुढे जातो. मारणारा आणि तारणारा एकच दगड. नकाशावर त्याला लाल आणि हिरव्या अशा दोन्ही पेन्सिलींनी रंगवलं.

संगीताबद्दल: हिरोकाझु तानाका यांचं. त्यांनी या यंत्राच्या आवाजाच्या रचनेतही काम केलं होतं, म्हणजे वाद्य आणि गाणं दोन्ही त्यांचं. आवाजाचे चारच मार्ग, त्यातला एक नुसत्या खरखरीचा, जो तबल्यासारखा वापरायचा. एवढ्यात चार राज्यांना वेगवेगळा स्वभाव दिलाय. चांदणी मिळाली की ऑफेनबाख या संगीतकाराची कॅन-कॅन नाचाची धून वाजते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘हे मला पाठ आहे गं.’’ तिने हा खेळ कधी हातातही घेतला नव्हता. तिला ऐकून पाठ झालं, मामा सुट्टीवर असताना.

स्पीकर आवाज वाढवला की फाटतो. हेडफोन लावला तर स्वच्छ. स्पीकर बदलायचा की नाही, नंतर बघू.

१८ ऑक्टोबर

चौथं राज्य, चाय. मराठी डोळ्याला आधी चहा दिसतो, पण हा चीन आहे, बांबूचं बन आणि ढग. टुणटुण्या इथलेच. चिनी लोककथांत मेलेली माणसं हात पुढे करून ताठ उड्या मारत येतात, त्यांवरून घेतलेले. त्यांच्यावर उडी मारली तर ते पडतात आणि थोड्या वेळाने उठून पुन्हा मागे लागतात. चेंडू लागला तर मात्र कायमचे जातात.

मामा इथे दोनदा का संपला ते आता कळलं. चेंडू हातात नसेल तर यांना मारण्याच्या भानगडीत पडायचंच नाही. पाडायचं आणि ते उठायच्या आत निघायचं. मामा प्रत्येकाला परत परत मारत बसला असणार. तो स्वभावच आहे त्याचा, अर्धवट काम सोडणार नाही. नकाशावर ठळक लिहिलं: ‘टुणटुण्याला पाडून पुढे जा. थांबू नको.’

रात्री सव्वादहाला मीही पहिल्यांदा शेवट पाहिला. विमान, ढगात दडलेला शत्रू, मग तातांगा आपल्या यंत्रात. पहिल्या तीन राज्यांच्या शेवटी डेझी दिसायची, जवळ गेलं की शत्रू होऊन निसटायची. यावेळी निसटली नाही. काय होतं ते इथे लिहीत नाही, ही वही मामा वाचणार आहे.

सुरुवात ते शेवट, न थांबता: ४१ मिनिटं.

१९ ऑक्टोबर

कालच्या ४१ मिनिटांचा विचार डोक्यातून जात नाही. आता बाजारात येणारे खेळ चाळीस-पन्नास तासांचे असतात आणि छोटा असणं हा त्यांत दोष धरतात. या कॅसेटमध्ये सगळं मिळून ६४ किलोबाइट आहे. फोनवरचा तीन एमबीचा एक फोटो म्हणजे असे ४८ खेळ. पण मला हा खेळ जागा नव्हती म्हणून तोडलेला वाटत नाही. जतन करायची सोय नाही, म्हणजे एका बैठकीत संपला पाहिजे. बैठक म्हणजे किती? दोन पाळ्यांमधली, आगगाडीतली, झोपण्याआधीची. बारा लेव्हल त्या मापाने बेतलेल्या आहेत. म्हणून तो अख्खा ओळखीचा होऊ शकतो, वाडीतल्या पायवाटेसारखा. कुठला दगड हलतो हे पायाला माहीत असतं. माझ्या बारा नकाशांचे कागद एकाला एक जोडले तर दिवाणखान्याच्या भिंतीवर मावतात. पन्नास तासांच्या खेळाचा मला नकाशा काढता आला नसता, काढावासाही वाटला नसता.

जगभरात याच्या एक कोटी ऐंशी लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्यातली एक आमच्या बिस्किटाच्या डब्यात होती.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. काम नाही. संध्याकाळी यंत्र फडक्याने पुसून देवापुढे पासबुकाशेजारी ठेवलं.

२२ ऑक्टोबर

नकाशे स्वच्छ काढून पूर्ण. ए-३ कागद, बारा. अक्षरं बोटभर. प्रत्येक शत्रूचं मराठी नाव, प्रत्येक राज्यातल्या पहिल्या दोन लेव्हलींच्या शेवटच्या मनोऱ्याचे दोन दरवाजे. वरच्या दरवाजाने गेलं तर शिडीचा खेळ मिळतो, त्यात तीनपर्यंत जादा लाइफ किंवा फूल. ‘वरचाच दरवाजा घे’ असं त्या आठही कागदांवर.

उद्यासाठी एक बेत. एकदा खेळ संपवला की दुसऱ्यांदा तो जास्त शत्रूंसह सुरू होतो. दुसऱ्यांदाही संपवला की सुरुवातीच्या पडद्यावर हवी ती लेव्हल निवडता येते, पण यंत्र बंद केलं की ती सोय जाते. म्हणजे सकाळी मी दोनदा संपवून, बंद न करता मामाच्या हातात दिला तर त्याला थेट ४-१ पासून, म्हणजे चौथ्या राज्याच्या पहिल्या लेव्हलपासून, जिथे तो १९९० मध्ये अडला तिथून, सुरू करता येईल. नवे सेल आणून ठेवलेत.

२३ ऑक्टोबर

साडेपाचला उठले. पहिली फेरी ३८ मिनिटं. दुसरीत दोनदा पहिल्यापासून सुरू करावं लागलं, सगळं मिळून दीड तास. नवाला निवड उघडली. आकडे ४-१ वर आणून यंत्र चालूच ठेवून पाटाशेजारी ठेवलं.

मामा साडेदहाला आला. ओवाळणं झालं. आईने त्याच्या हातात साडीच्या खोक्यात ठेवलेला गेम बॉय दिला. त्याने आधी तो नाकाशी धरला, वास घेतला. मग लाल दिव्याकडे बघितलं.

मी सगळं सांगितलं: मामा, तू जिथे थांबला होतास तिथेच लावून ठेवलाय, फक्त स्टार्ट दाब.

त्याने पडद्यावरचे आकडे चष्मा वर करून, खाली करून वाचले. थोडा वेळ काही बोलला नाही. मग वरची कळ सरकवून यंत्र बंद केलं.

‘‘पयल्यापासून खेळतंय गो. तिथपर्यंत चालत जायला होया.’’

आणि कळ पुन्हा सरकवली. टिंग.

जेवणं होईपर्यंत बाल्कनीच्या दारातली खुर्ची त्याची होती. नकाशे मांडीवर. पहिल्या राज्यात तीन लाइफ गेल्या, मुदात सगळ्या. पुन्हा सुरू. दुपारी झोपला नाही. साडेचारला ईस्टनपर्यंत पोचला, दगडूवर उभा राहिला आणि मोठ्याने ‘आयला!’ म्हणाला. मग उजेड गेला.

२४ ऑक्टोबर

मामा सकाळच्या गाडीने गेला. गेम बॉय, आठ जादा सेल आणि अकरा नकाशे सोबत.

बारावा, म्हणजे १-१ चा, माझ्याकडे दुरुस्तीला ठेवून गेलाय. त्याच्या मते त्यात एक चूक आहे. एका नळातून खाली नाण्यांच्या खोलीत उतरता येतं आणि मी तो साधा नळ म्हणून काढलाय. मी पाच वेळा ती लेव्हल खेळले, त्या नळावर उभी राहून खाली दाबायचं मला सुचलंच नव्हतं. त्याने पेन्सिलीने नळाशेजारी बाण काढलाय, आणि बाणाखाली, थोड्या थरथरत्या अक्षरांत, ‘इथून खाली’.

नवा कागद घेतला. बाण शाईने काढायचा आहे, खालची खोली वेगळ्या चौकटीत. शनिवारी कुरिअरने पाठवते.